देव्हाऱ्यातली जुनी नाणी कॅमेऱ्यात घ्यायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

गणपतीत घर भरतं, मुंबईची मंडळी येतात आणि कोणीतरी देव्हाऱ्यातली पितळी डबी उघडून विचारतंच, ही नाणी कसली, किती जुनी. गेल्या वर्षी आमच्या देवगडच्या घरी त्या डबीतनं एक शिवराई, दोन भोकाचे पैसे, एक राणीछाप रुपया आणि मूठभर ॲल्युमिनियमचे पैसे निघाले, सगळ्यांनी मोबाईलवर फोटो काढले आणि बघतो तर शिवराई म्हणजे काळा डाग आणि रुपया म्हणजे नुसती पांढरी चमक, एक अक्षर वाचता येईना. तेव्हापासून वर्षभर मी हे शिकतोय, आणि नवीन माणसाने आधी काय जमवावं ते सांगतो.

सगळ्यात आधी, नाणं धुवायचं नाही. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंचेने नाहीतर आमसुलाने घासतात, मी नववीत असताना दुसऱ्या एका शिवराईला तेच केलं, पाच मिनिटांत ती गुलाबी लखलखीत झाली. पण 'श्री'च्या वेलांटीच्या कडेने जो काळपट थर बसलेला होता त्यानेच ते अक्षर उठून दिसत होतं, तो गेला आणि अक्षर सपाट झालं, आता कितीही चांगली लेन्स लावली तरी ते परत येत नाही, अजून वाईट वाटतं. हळदकुंकू सुटं असेल तर मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटकायचं, चिकटलेलं असेल तर राहू द्यायचं. धूळ उडवायला रबरी ब्लोअर घ्या, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा बारीक थेंब तांब्यावर कायमचा डाग सोडतो. आणि नाणं कायम कडेला धरायचं, खाली जाड पंचा अंथरून, म्हणजे सुटलं तरी कोब्यावर पडणार नाही.

मग जागा. माडीवर करू नका, लाकडी पाटण असते, कोणी जिन्यावर पाय ठेवला तरी फोटो हलतो, खालच्या खोलीत जमिनीवर किंवा भक्कम टेबलावर करा. पंखा बंद, खिडकी बंद, खाडीवरनं येणारा वारा ट्रायपॉडसुद्धा हलवतो. खिडकी बंद करायचं अजून एक कारण आहे, बाहेरचा उजेड आणि आतला दिवा एकत्र आले की रंग बिघडतो, त्यात आपल्या चिऱ्याच्या भिंती, गिलावा नसेल तर त्यांचा तांबडेपणा थेट चांदीवर उतरतो, माझा रुपया पहिले दोन दिवस तांब्याचा दिसत होता आणि मला कळेचना असं का. शेवटी तिन्ही बाजूंना पांढरे कार्डशीट उभे केले तेव्हा तो चांदीचा झाला.

कॅमेरा वरून सरळ खाली बघणारा पाहिजे. ट्रायपॉडची मधली दांडी उलटी किंवा आडवी लागत असेल तर काम होतं, पण खरी चांगली वस्तू म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राचा, स्टँड. तालुक्याच्या गावात ज्यांचा रोलचा धंदा बंद झाला त्यांच्याकडे माळ्यावर पडलेला असतो, विचारून बघा, उभा लोखंडी खांब, खाली जड पाट, वरचं डोकं काढून कॅमेऱ्याचा स्क्रू बसवून घेतला की झालं. आता कॅमेरा नाण्याला समांतर आहे का ते कसं बघायचं, त्याला एक छोटा आरसा लागतो. नाण्याच्या जागी आरसा ठेवायचा, स्क्रीनवर बघायचं, लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोब्बर मध्यभागी दिसलं की समांतर, बाजूला दिसलं तर कॅमेरा कलता आहे. हे केलं नाही तर नाण्याची एक कड शार्प आणि दुसरी धुरकट येते, आणि माणूस उगाच लेन्सला दोष देतो.

लेन्सबद्दल लोक फार घाबरवतात, की एकास एक मॅक्रोच पाहिजे, म्हणजे वस्तू कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटवणारी लेन्स. हिशोब करून बघा, आपल्यापैकी बहुतेकांकडे एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा असतो, त्याची उंची साधारण १६ मिलिमीटर, आणि राणीछाप रुपया ३० मिलिमीटरचा, म्हणजे तो आख्खा मावायला अर्धाच आकार लागतो, एकास एक केलं तर नाणं बाहेर जाईल. पैसे असतील तर ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो घ्या, तिचा फायदा असा की ती नाण्यापासून लांब राहते आणि दिव्याला जागा मिळते. नसतील तर साधी ५० मिलिमीटरची लेन्स आणि तिच्या नि कॅमेऱ्याच्या मध्ये २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे काच नसलेली नळी, २५ भागिले ५० म्हणजे अर्धा आकार तिथेच मिळाला. फक्त ट्यूब घेताना आत पितळी कॉन्टॅक्ट आहेत ना ते बघून घ्या, एकदम स्वस्तातल्या पोकळ ट्यूबमध्ये बऱ्याच लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

आता उजेड, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळ इथेच घालवावा. दोन एकसारखे एलईडी टेबललॅम्प घ्या, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर लिहिलेलं असेल तर उत्तम. कॅमेऱ्याचा फ्लॅश नको. पण दोन्ही दिवे एकदम लावू नका, आधी एकच लावा आणि डोळा स्क्रीनवर ठेवून तो दिवा नाण्याभोवती हळूहळू फिरवा, कधी वर, कधी खाली. झिजलेल्या शिवराईवर दिवा जमिनीलगत आणला की जे अंगठ्यालाही लागत नव्हतं ते उभं राहतं, आधी ठिपक्यांचं कडं, मग तीन ओळीत श्री, राजा, शिव. मागे फिरवलं की दोन ओळीत छत्र आणि पति. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हापासूनचं हे नाणं, आणि ते आपल्या देव्हाऱ्यातल्या डबीत, मला तरी ते पहिल्यांदा स्क्रीनवर वाचता आलं तेव्हा हात थरथरला होता. चांदीला मात्र उलट, दिवे उंच, लेन्सच्या जवळ, घड्याळात दहा आणि दोन जिथे असतात त्या जागी, आणि मध्ये ट्रेसिंग पेपर लावून, म्हणजे झगझगाट मऊ होतो. दिवा कायम फोटोच्या वरच्या बाजूने यायला पाहिजे, खालून आला की उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात.

नाणं थेट कागदावर ठेवू नका, खाली खोडरबराचा नाण्यापेक्षा लहान तुकडा ठेवा, नाणं थोडं उचललं जातं, सावली मागे राहते आणि पार्श्वभूमी आपोआप धूसर होते. भोकाच्या पैशाला, म्हणजे तो १९४३ ते ४७ चा, ही युक्ती चालत नाही, भोकातनं खोडरबर दिसतं, त्याला दोन बाजूंना दोन बारीक तुकडे लावायचे.

सेटिंग पटकन सांगतो. मोड एम, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं, आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८, त्याच्या पुढे १६, २२ केलंत तर फोकसची खोली वाढते पण सगळंच मऊ पडतं. ऑटोफोकस बंद, लाईव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं चालू चित्र, दहापट मोठा करून एखाद्या अक्षरावर हाताने फोकस, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाईल, चालू, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा तोल, ग्रे कार्डवर, म्हणजे राखाडी कार्डावर, ठरवून घ्यायचा. शटर कितीही हळू पडू दे, नाणं काही पळत नाही. सराव आधी खिशातल्या नाण्यावर करा, सालाच्या खाली बारीक हिरा असेल तर ते मुंबई टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. त्या हिऱ्याच्या कडा धारदार दिसल्या की तुमची मांडणी बरोबर आहे, मगच जुन्याला हात लावा. राणीछाप रुपयावर क्वीन लिहिलंय की एम्प्रेस तेही फोटोत स्वच्छ वाचता आलं पाहिजे, १८७७ पासून एम्प्रेस आलं.

आणि आपल्या हवेचं विसरू नका. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, एकदा आत पसरली की काचेवर जाळं राहतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे, रंग बदलला की मंद आचेवर कढईत फिरवून सुकवायचे. एसीच्या खोलीतनं कॅमेरा बाहेर आणलात तर अर्धा तास पिशवीतच राहू द्या, काचेवर दव धरतं. नाणी मऊ चिकट प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, तांब्यावर हिरवट चिकटा येतो, साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर वजन, व्यास आणि फोटोचा नंबर पेन्सिलीने लिहा, पण नाणं आत घालायच्या आधी लिहा, वर दाबून नको.

कॅमेऱ्याच्या दोन्ही बॅटऱ्या आदल्या रात्रीच चार्ज करा, कारण वाऱ्यापावसात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि दिवे पॉवरबँकवर चालणारे घेतलेत तर काम अडणार नाही. आणि आमच्याकडे तरी एक नियम आहे, नाणी दुपारी काढायची आणि दिवेलागणीच्या आत डबीत घालून डबी देव्हाऱ्यात, आजी मोजून घेते.