करवंदं, तोरणं, आंबगुळं: रानमेवा नीट कसा खायचा

एप्रिल-मे आला की घाटात आणि कोकणात जाळ्या करवंदांनी भरलेल्या असतात आणि आपण मात्र दुकानातून महागडी सुकवलेली ब्लूबेरी आणतो, कारण तिच्यात अँटिऑक्सिडंट असतात म्हणे. अहो, ज्या अँथोसायनिनमुळे ब्लूबेरीला तो रंग येतो, त्याच गटातल्या रंगद्रव्यांनी आपली करवंदं न् जांभळं काळी होतात! ती नीट खायची कशी तेवढं सांगते.

पहिलं म्हणजे ओळख. लहानपणापासून जे फळ घरात खाल्लंय किंवा गावातल्या जाणत्या माणसाने झुडपासकट दाखवलंय तेवढंच तोडायचं, फोटो बघून अंदाज बांधायचा नाही. करवंदाला पांढरा चीक असतो पण चीक असलेलं प्रत्येक फळ करवंद नसतं, पिवळी कण्हेर त्याच कुळातली आहे आणि ती जीवघेणी विषारी आहे. गुंजेच्या लाल-काळ्या बियांना पोरांना हातही लावू देऊ नका, आणि घाणेरीची हिरवी फळंसुद्धा विषारीच.

लालसर आंबटगोड आंबगुळं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग पांढरी मऊ तोरणं आणि मग करवंदं, असा क्रम असतो. करवंदं पहिला जोरदार पाऊस व्हायच्या आत खायची, नंतर ती पाणचट होतात आणि आत अळ्याही निघतात. हायवेच्या कडेच्या जाळीतली नकोत, धूळ आणि धूर बसलेला असतो, फवारणी केलेल्या बागेच्या कुंपणावरचीही नकोत. फांदी ओरबाडायची नाही, काटे दुतोंडी असतात आणि पाखरांनाही काहीतरी राहू दे. जाणं जमत नसेल तर पळसाच्या पानाच्या द्रोणात घेऊन बसलेल्या कातकरी-ठाकर बायकांकडून घ्या आणि प्लीज घासाघीस करू नका, त्या काट्यातून एकेक फळ वेचायला किती वेळ लागतो ते एकदा करून बघा.

आता खाण्याचं. सगळ्यात फायदा ताजं, सालीसकट खाण्यात आहे, कारण रंगद्रव्यं मुख्यतः सालीत असतात आणि क जीवनसत्त्व उकळलं की बरंच जातं. म्हणून पाकात शिजवलेल्या करवंदांचं मला कौतुक नाही, केकवरची ती लालभडक चेरी बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं रंगवलेलं करवंदच असतं, त्यात साखरेशिवाय फार काही उरत नाही.

माझं खरं प्रेम कच्च्या करवंदाच्या चटणीवर. हाताला तेल लावून करवंदं अर्धी कापायची, बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची म्हणजे चीक निघतो, मग हिरवी मिरची, लसूण, ओलं खोबरं, जिरं, मीठ आणि गुळाचा खडा घालून पाट्यावर नाहीतर मिक्सरला जाडसर फिरवायचं, न शिजवता. ही बाजरीच्या किंवा नाचणीच्या भाकरीबरोबर खायची, आणि यामागे कारण आहे, धान्य-भाजीतलं लोह अंगाला लागायला कठीण असतं, सोबत क जीवनसत्त्व असलेलं आंबट काही असलं की ते जास्त शोषलं जातं. फक्त जेवल्याजेवल्या चहा घेऊ नका, चहातले टॅनिन त्या लोहाला अडवतात, तासभर थांबा. रक्त कमी असणाऱ्या बायकांनी हे जरूर करावं, पण डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवायच्या.

जांभळाचंही तसंच, डायबेटिस आहे म्हणून बियांची पावडर सुरू करून औषध बंद करणारे लोक मी पाहिलेत, हे अजिबात करू नका, गोळ्यांबरोबर साखर जास्तच उतरू शकते तेव्हा आधी विचारून घ्या. फळ म्हणून मूठभर खा, फार खाल्लं तर पोट बांधतं.

लोणचं घालायचं तर काचेच्या बरणीतच, आंबट पदार्थ अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये. जेली करायची असेल तर पिकलेल्या करवंदांत थोडी कच्ची टाका, कच्च्यात पेक्टिन जास्त असतं त्यामुळे वरून वेगळं पेक्टिन न घालता छान घट्ट होते. आणि वर्षभर हवी असतील तर धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून, ताटात पसरून फ्रीझरला लावा, कडक झाली की डब्यात भरा, असं केलं की गोळा होत नाही आणि पावसाळ्यात लागतील तेवढीच काढून थेट चटणीला घेता येतात.