टंकलिखित मजकुराची स्टेन्सिल चांगली कशी कापावी

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या खेड्यातल्या शाळेत मी नोकरीची बहुतेक वर्षे काढली, तेथे घटक चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका, पालकसभेच्या चिठ्ठ्या आणि गावच्या ग्रामसभेच्या नोटिसासुद्धा एकाच हातयंत्रावर सायक्लोस्टाईल होत असत, म्हणजे एका स्टेन्सिलमधून शाई उतरवून त्यांच्या अनेक प्रती निघत. हे यंत्र हाताने फिरवायचे असल्यामुळे वीज गेली तरी काम अडत नसे, आणि आमच्याकडे वीज जाणे ही काही विशेष बाब नव्हती. निवृत्तीनंतर ते यंत्र आणि जुने गोदरेजचे मराठी टंकयंत्र माझ्याकडे आले. अजूनही ज्यांच्या शाळेत, वाचनालयात किंवा घरात अशी जोडी पडून आहे ते विचारतात, की प्रत पुसट का येते, अक्षरांत काळे गोळे का पडतात, शिरोरेषा का फाटते. प्रत्येक जण आधी शाईला दोष देतो, मग यंत्राला. दोष बहुतेक वेळा स्टेन्सिलमध्ये असतो, आणि तो कापतानाच आलेला असतो.

यासाठी स्टेन्सिल म्हणजे काय हे नीट समजून घ्यावे लागते. तिचा मूळ कागद अतिशय पातळ आणि लांब तंतूंचा असतो. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून जपानात जो कागद करतात, तो याचा नमुना. या कागदातून शाई सहज पाझरते. त्यावर जो लेप दिलेला असतो त्यातून मात्र ती पाझरत नाही. टंकयंत्राचा ठसा आपटला की त्या जागेचा लेप बाजूला सरतो आणि तंतू उघडे पडतात. पुढे छापताना शाई तंतूंच्या जाळीतून कागदावर उतरते. आपण ‘स्टेन्सिल कापणे’ म्हणतो खरे, पण कागद कापला जाणे म्हणजे बिघाड. तंतू तुटले की अक्षर गळून पडते. पुढची सगळी काळजी एवढ्या एका गोष्टीसाठी घ्यायची आहे, की लेप पुरता हटावा आणि तंतू शाबूत राहावेत.

आपला ‘सायक्लोस्टाईल’ हा शब्दही याच कसरतीतून आला आहे. एडिसनने 1876 मध्ये विजेवर चालणाऱ्या लेखणीचे पेटंट घेतले. ती लेखणी कागदाला बारीक भोके पाडत जात असे. डेव्हिड गेस्टेटनरने 1881 च्या सुमारास लंडनमध्ये लेखणीच्या टोकाला दातेरी चाक बसवले आणि त्या चाकामुळे साधनाला सायक्लोस्टाईल हे नाव पडले. सुरुवातीच्या स्टेन्सिलींवर मेणाचा लेप असे. मेण उन्हाळ्यात मऊ पडते आणि थंडीत तडकते, म्हणून पुढे नायट्रोसेल्युलोजसारख्या चिवट लेपाच्या स्टेन्सिली आल्या. बाजारातल्या तयार स्टेन्सिली याच दुसऱ्या प्रकारच्या असत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. टंकयंत्राचे ठसे आधी स्वच्छ करावेत. रिबनच्या शाईचा आणि धुळीचा राप अक्षरांच्या पोटात साचतो, आणि ‘घ’, ‘ध’, ‘भ’ या अक्षरांची वळणे बुजतात. ताठ केसांच्या ब्रशला थोडे स्पिरिट लावून ठसे घासावेत आणि जे निघत नाही ते टाचणीच्या टोकाने काढावे, मात्र टाचणी धातूवर ओरबाडू नये. एक स्टेन्सिल कापून झाली की पुन्हा ब्रश फिरवावा, कारण ठशांना लेपाचे कण चिकटतात आणि पुढच्या पानावर तेच कण अक्षर भरून टाकतात. त्यानंतर रिबनचा दांडा पांढऱ्या खुणेवर आणावा. या जागी रिबन वर उचलली जात नाही आणि ठसा थेट स्टेन्सिलवर बसतो. हे विसरून रिबनसह टंकलेखन केले, तर अक्षरे काळी दिसतात पण उमटत काहीच नाही. नवशिक्याकडून ही चूक हमखास एकदा होते.

स्टेन्सिलच्या मागे जाड पाठकागद असतो. या दोहोंच्या मध्ये कार्बन घालताना त्याची काळी बाजू पाठकागदाकडे ठेवली, तर मजकुराची एक प्रत पाठकागदावर उमटते आणि यंत्रावर चढवण्याआधी ती वाचून तपासता येते. प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत ही सोय सोडू नये. काही पाकिटांत स्टेन्सिलवर पसरायला पारदर्शक फिल्म मिळत असे. तिच्यामुळे ठशांना लेप चिकटत नाही आणि अक्षराची कड मऊ, थोडी ठळक येते. मराठीसाठी मी फिल्म नेहमीच वापरतो. रुळात चढवताना स्टेन्सिलला सुरकुती पडली, तर तेवढा भाग छापताना काळ्या रेघेसारखा उमटतो, म्हणून ती घाईने ओढू नये. रूळ सैल करून दोन्ही कडा सारख्या कराव्यात. मजकूर छापील चौकटीच्या आतच ठेवावा, कारण कडेला गेलेल्या अक्षरांतून शाई बाहेर येते आणि पानाची बाजू बरबटते.

खरे कौशल्य बोटांच्या ठोक्यात आहे, आणि येथे देवनागरी इंग्रजीहून अवघड आहे. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटे असते. मराठीत बहुतेक ठशांच्या डोक्यावर शिरोरेषेचा तुकडा असतो आणि हे तुकडे शेजाऱ्याला भिडत जातात. परिणामी ‘व्यवस्थापन’ यासारखा लांब शब्द म्हणजे स्टेन्सिलवरची एक अखंड आडवी चीर होते आणि तिच्याखाली अक्षरे लोंबकळू लागतात. शिवाय ‘भ’, ‘ध’, ‘ण’ यांसारखी अक्षरे टंकयंत्रावर अर्धे अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत होतात. ज्या ठिकाणी काना जुळतो तेथे शिरोरेषेवर दोनदा मार बसतो. त्यावर वेलांटी किंवा मात्रा आली की तिसरा. त्यामुळे सगळी बोटे एकाच जोराने आपटणाऱ्याची स्टेन्सिल नेहमी अशाच जोडाशी फाटते.

यावर मी बोटांना लावलेली शिस्त अशी. अनुस्वार, पूर्णविराम, स्वल्पविराम, मात्रा आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या यांना केवळ स्पर्श करावा, कारण लहान ठशाचा सगळा जोर एका बिंदूवर येतो. काना नेहमीपेक्षा हलका ठेवावा. ‘क्ष’, ‘श्र’, ‘म’, ‘ज्ञ’ ही रुंद अक्षरे पुरता जोर मागतात, कारण त्यांच्यात तोच जोर पसरला जातो. ठोका मारून बोट लगेच उचलावे. कळ दाबून धरली तर ठसा लेपात रुतून बसतो. वेग सारखा ठेवावा, हळू चालेल, पण मध्येच घाई नको. पहिल्यांदा हे करताना पान अर्ध्या गतीने होते, पुढे हात आपोआप जुळतो.

दुसरी मोठी अडचण पोटाच्या अक्षरांची. ‘ठ’, ‘व’, ‘ब’, ‘ढ’ आणि शून्य यांच्यात बंद गोल असतो. गोलाची कड पुरती कापली गेली, तर मधला तुकडा निसटतो आणि छापताना तेथे काळा गोळा पडतो. एकदा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी मी ‘ठराव क्रमांक’ असा मथळा असलेली नोटीस कापली आणि मथळा ठळक यावा म्हणून त्याच अक्षरांवर दुसऱ्यांदा टंकलेखन केले. यंत्राजवळ उभ्या असलेल्या शिपायाने पहिलीच प्रत उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, “गुर्जी, ठचं पोटच पळलं ना!” पहिली ओळ पाहिली, तर ठच्या जागी हरभऱ्याएवढा ठिपका होता. दोनशे प्रतींपुरता कागद मोजून ठेवलेला होता. त्या दिवशी मथळा पुसून, पुन्हा कापून, दुपारी छापला. तेव्हापासून ठळकपणासाठी दुसऱ्यांदा ठोकणे मी कायमचे सोडले. मथळा उठून दिसायला हवा असेल, तर अक्षरांमध्ये एकेक जागा सोडावी. मथळ्याखाली अधोरेखा टाकताना ती सलग ओढू नये, तुटक रेघ पुरते. निकालपत्रकाचे रकाने करायचे असतील, तर ते टंकयंत्रावर न करता स्टेन्सिल एखाद्या काचेवर पसरून पट्टीच्या आधाराने स्टायलसने, म्हणजे स्टेन्सिलवर रेघा ओढायच्या लेखणीने, ओढावेत, आणि चौकटीच्या कोपऱ्यांत उभी व आडवी रेघ एकमेकींना भिडू देऊ नये.

चूक झाली तर पाठकागद आणि कार्बन यांपासून स्टेन्सिल अलग करून मध्ये एक पेन्सिल आडवी घालावी. तसे न केल्यास दुरुस्तीचे द्रव खालच्या कागदाला चिकटते आणि सोडवताना भोक पडते. मग काचेच्या गोल टोकाच्या काडीने किंवा नखाच्या पाठीने चुकलेल्या अक्षराभोवतीचा लेप हलकेच आतल्या दिशेने सारावा आणि त्यावर द्रवाचा एकच पातळ हात द्यावा. जाड थर चांगला, असा समज असतो. जाड थर ठशाखाली तडकतो. ओली चमक जाईपर्यंत थांबून योग्य अक्षर एकाच ठोक्यात घ्यावे. द्रव संपले असेल, तर पारदर्शक नेलपॉलिश चालते. मी ते घरातल्यांकडून अनेकदा मागून घेतले आहे आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत. एखादी पूर्ण ओळ चुकली, तर निकामी स्टेन्सिलच्या कोऱ्या भागावर ती ओळ कापावी, खिडकीपेक्षा थोडा मोठा तुकडा काढावा, चुकलेली ओळ ब्लेडने कापून खिडकी करावी आणि तुकड्याच्या चारही कडा द्रवाने चिकटवाव्यात. हे ठिगळ नीट बसले, तर प्रतीवर दिसतसुद्धा नाही.

आपल्याकडच्या हवामानाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या स्टेन्सिली एकमेकींना चिकटतात आणि लेप ठशाला धरतो. त्या दिवसांत काम सकाळी लवकर उरकावे, पाकीट मातीच्या भिंतीच्या खोलीत पेटीच्या तळाशी सपाट ठेवावे, उभे करू नये. रांजणाजवळ थंडावा असतो म्हणून तेथे ठेवण्याचा मोह होतो, पण ओल कागदाचा घात करते. कंदिलाच्या उजेडात काम करताना मी एकदा कंदील यंत्राच्या उजव्या बाजूला फार जवळ ठेवला होता. पानाच्या त्या बाजूची सगळी अक्षरे पसरून जाड आली. थंडीतली अडचण याच्या उलट असते. डिसेंबरच्या पहाटे लेप कडक होतो आणि ठोक्याने तडे जातात. तेव्हा पाकीट दोन-तीन मिनिटे कोवळ्या उन्हात धरून मग सुरुवात करावी.

तयार स्टेन्सिल मिळत नसेल, तर मेणाची स्टेन्सिल घरी करता येते, पण तिच्याकडून अपेक्षा माफक ठेवावी. लांब तंतूंचा पातळ तुतीचा कागद घ्यावा. पतंगाचा कागद आखूड तंतूंचा असल्यामुळे फाटतो. चार भाग पॅराफीन आणि एक भाग मधमाशीचे मेण घ्यावे, कारण नुसते पॅराफीन ठिसूळ असते. मेण थेट जाळावर कधीही वितळवू नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. कागद त्यातून ओढून काढावा, दोन टिपकागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवावी आणि उजेडात धरून पाहावा. पांढुरके ढग दिसले, तर मेण जाड आहे. बारीक उघडे ठिपके दिसले, तर कमी आहे. टंकलेखन करताना या कागदाच्या पाठीला बारीक विणीचे रेशमी कापड लावावे, म्हणजे ठसा मेण विणीत दाबतो आणि लेप स्वच्छ सुटतो. भंडाऱ्याच्या कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड येथे उपयोगी नाही; त्याचा धागा जाडसर आणि गाठीचा असल्यामुळे गाठीच्या जागी अक्षर तुटते. अशी स्टेन्सिल यंत्राच्या ढोलावर ताणू नये. लाकडी चौकटीवर ताणलेल्या नायलॉनच्या जाळीखाली ती ठेवावी, वरून रबरी पट्टीने घट्ट शाई ओढावी आणि थोड्या प्रतींवर समाधान मानावे.

यंत्रावर चढवल्यावर पहिल्या दहा-बारा प्रती रद्दीवर काढाव्यात, कारण शाई तंतूंमध्ये भिनायला तेवढा वेळ लागतो. या प्रती पुसट आल्या, की लोक घाबरून शाई वाढवतात आणि मग पुढच्या सगळ्या प्रती बरबटतात. कागद गुळगुळीत नको, शाई शोषणारा खरबरीत हवा. काम संपल्यावर स्टेन्सिल दोन जुन्या वर्तमानपत्रांमध्ये ठेवून हाताने दाबावी, वर्तमानपत्र बदलत शाई निघेपर्यंत हे दोन-तीनदा करावे आणि मग ती सपाट ठेवावी. ग्रामसभेच्या नोटिशीचा मजकूर दर वेळी बहुतेक तोच असतो; तारखेची जागा कोरी सोडून कापलेली आणि अशी जपलेली एक स्टेन्सिल 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट अशी तिन्ही वेळा मी वापरलेली आहे, तारीख तेवढी प्रत्येक प्रतीवर हाताने घातली.