एअर इनटेक बदलताय? आधी या चुका टाळा

एअर इनटेक म्हणजे इंजिनला हवा पुरवणारा मार्ग. त्यातला मूळ फिल्टरचा डबा काढून चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप आणि उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बसवला की गाडी पळू लागते, असा पक्का समज आहे. आवाज बदलतो हे खरं. पिकअप मात्र बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत आहे तिथेच राहतो, कधी घटतोही. हिशेब करून पाहा: १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेरे) मिनिटाला सुमारे ३००० लिटर हवा घेतं. ६० मिमीच्या पाइपातून ती सेकंदाला जेमतेम १८ मीटर वेगाने जाते. एवढ्या वेगाला तो पाइप फारसा अडसर ठरत नाही. मग ७६ मिमीचा घालून मिळणार काय?

गरम हवा ओढणारा फिल्टर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कंपनीचा डबा ग्रिलजवळून बाहेरची थंड हवा घेतो. उघडा कोन रेडिएटरमागची तापलेली हवा घेतो. ३५ अंशांऐवजी ६५ अंशांची हवा आत गेली तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते. त्यात नॉकिंग (इंधनाचं अवेळी पेटणं) सुरू झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि उरलासुरला जोरही जातो. किटसोबतची हीट शील्ड बॉनेटला रबराने टेकत नसेल तर ती नावालाच असते.

तपासायला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला जोडून सेन्सरची रीडिंग दाखवणारं यंत्र) पुरतो. ताशी ६०-७० किमीच्या स्थिर वेगात इनटेक हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा १०-१२ अंशांनी जास्त असेल तर ठीक. २५-३० अंशांचा फरक दिसला तर फिल्टर बॉनेटखालचीच हवा घेतोय. सिग्नलला थांबून घेतलेलं रीडिंग धरू नका, तिथे सगळ्याच गाड्यांत ते चढतं.

सेन्सर न पाहता घेतलेला पाइप

किट घेण्याआधी आपल्या गाडीत मॅफ सेन्सर आहे की मॅप, हे बघा. मॅफ पाइपातून जाणारी हवा मोजतो, मॅप तिचा दाब मोजतो. मॅफ फिल्टरनंतरच्या पाइपात असतो आणि त्याचं गणित ठरावीक व्यासावर बसवलेलं असतं. ७० मिमीच्या जागी ७६ मिमीचा पाइप आला की क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढतं, सेन्सरजवळ हवेचा वेग कमी होतो आणि रीडिंग खोटं कमी येतं. पेट्रोल इंजिन लीन (हवेच्या मानाने कमी इंधनावर) चालतं, चेक इंजिन लाइट लागतो, मिश्रण लीन असल्याचा कोड पी०१७१ येतो. डिझेलमध्ये धूर टाळण्यासाठी ईसीयू इंधनच कमी सोडतो. म्हणून मॅफच्या जागी आतला व्यास मूळ भागाएवढाच हवा. मॅपवाल्या गाड्यांत ही अडचण नाही, कारण तिथे मोजमाप मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागात होतं.

पेट्रोल गाडीत मॅफ असेल तर इनटेक बसवल्यावर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात टक्क्यांनी करतो ती दुरुस्ती) स्कॅनरवर दोनदा पाहा: आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, आणि २५०० आरपीएमला. शॉर्ट (तात्पुरत्या) आणि लाँग (शिकून ठेवलेल्या) ट्रिमची बेरीज ±१० टक्क्यांत असली तर चिंता नाही. ट्रिम आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर उतरत असेल, तर सेन्सरनंतर कुठेतरी हवा गळतेय. आयडलला ठीक आणि रेसबरोबर वाढत असेल, तर सेन्सर कमी वाचतोय.

गळती बहुतेकदा क्रँककेसच्या ब्रीदर होजपाशी (इंजिनच्या तेलाच्या भागातली वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीपाशी) सापडते. त्या होजवर छोटा फिल्टर अडकवून तो मोकळा सोडणं चूकच: मॅफला चुकवून हवा आत जाते आणि तेलाचा वास येतो तो वेगळाच. त्याच मापाची नळी असलेला पाइप घ्या. इंजिन हलतं म्हणून मधला जोड सिलिकॉनचा हवा, नाहीतर क्लॅम्प सैल होतात.

पावसाळा आणि पाणी

बंपरमागे खाली बसवलेला फिल्टर थंड हवा घेतो खरा, पण जुलैत तुंबलेल्या रस्त्यावर तोच पाणी ओढतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नसेल तर साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही. पाणी आल्यास दुसरीकडून हवा घेऊ देणाऱ्या बायपास व्हॉल्व्हचा भरवसा टर्बो गाडीत धरू नका, तो टर्बोसाठी नसतोच.

तेल आणि धूळ

तेल लावून वापरायचा कापडी फिल्टर खास क्लीनरने धुवा, आतून बाहेरच्या दिशेला कमी दाबाचं पाणी सोडा आणि सावलीत पूर्ण वाळवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, जाळी फाटते. तेल मोजकंच, मग २० मिनिटं मुरू द्या. जास्तीचं तेल मॅफच्या तारेवर बसतं. ते काढायला मॅफ क्लीनरच वापरा, कार्ब क्लीनर नाही.

रोजच्या गाडीला आमची शिफारस मूळ डबा आणि त्यात नीट बसणारा चांगला पॅनेल (सपाट) फिल्टर, एवढीच. फिल्टर कोणताही घाला, ५०० किमीनंतर त्याच्यानंतरचा, इंजिनकडे जाणारा पाइप उघडून आतून पांढरं फडकं फिरवा. धूळ दिसली तर आधी सील आणि क्लॅम्प तपासा. ते ठीक असूनही धूळ येत असेल तर तो फिल्टर त्याच दिवशी बदला.