गच्चीवरची कमी पाण्याची लागवड : मृगाआधी उरकायची कामं

कोरफड उन्हानं मेलेली मी क्वचितच पाहिली आहे. श्रावणात बुडाशी पिचपिचीत होऊन आडवी पडलेली दर वर्षी पाहतो. गच्चीवर कमी पाण्याची झाडं लावायची तर आधी पाणी कुठून उतरणार ते बघा, रोपवाटिकेत नंतर जा.

मे संपायच्या आत पावसाळी पाइपांची तोंडं साफ करा. मग तीच बोळे कोंबून बंद करा, गच्चीवर दोन इंच पाणी 48 तास साठवा आणि खालच्या खोलीचं छत बघा. ओल उमटली तर यंदा माती चढवू नका, आधी कोबा दुरुस्त करून घ्या.

ओली माती घनमीटरला साधारण 1800 किलो भरते. म्हणजे चार इंचांचा थर चौरस मीटरला 180 किलो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार धरलेला असतो, आणि त्यात पापड वाळत घालणारी माणसंही आली! म्हणून शेतातली काळी माती नकोच. हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे निम्मे, उरलेल्यात कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत. थर तीन इंचांचा, खाली पाणी झिरपेल असं जाड कापड. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय एवढंही नको.

लावायला ऑफिस टाइम नावाचं फुलझाड, पानफुटी, रेन लिली आणि घोळ. घोळीची भाजीही होते, त्यामुळे घरच्यांची तक्रार येत नाही. कोरफड जरा उंचवट्यावर लावा. तिची पिल्लं काढल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या. ऑफिस टाइमची बोटभर फांदी मात्र मोडली की लगेच खोचली तरी चालते. पहिल्या पावसानंतर उघडीप मिळाली की लागवड करा.

साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जेमतेम बोट-दोन बोटं माती असते. तिथली बरीच झाडं पावसात फुलून घेतात आणि उरलेलं वर्ष कंद किंवा बी होऊन काढतात. तिथून काही उपटून आणू नका, पण चैत्रात रेन लिलीची पात वाळली म्हणून कुंडी उलटी करण्याआधी ते सडे आठवा. कंद जिवंत असतो.

पावसाळाभर आठवड्यातून एकदा कठड्याच्या कडेनं चक्कर मारा. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ उगवतोच. दोन पानांवर असताना चिमटीत येतो, पुढच्या वर्षी गवंडी बोलवावा लागतो.