एफपीएसओवर नवीन जॉईन होताय? या चुका टाळा

टँकरवर चांगली सात-आठ वर्षं काढलेली पोरं एफपीएसओवर (समुद्रातल्या विहिरींचं तेल घेऊन प्रोसेस करणारं आणि साठवणारं जहाज) आली की पहिल्याच आठवड्यात म्हणतात, "सर, हे पण टँकरच ना, फक्त एका जागी उभं असलेलं." नाही रे बाबा. इथे विहिरीतून तेल येतच राहतं, एका टँकमध्ये भरणं चालू, दुसरीत तेलातलं पाणी सेटल होतंय (खाली बसतंय), तिसरीतून ऑफलोडिंग (टँकरला तेल देणं), आणि ड्रायडॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गोदीत जाणं, नाहीच. अंगोलाचं गिरासोल एफपीएसओ 2001 पासून त्याच जागी आहे. म्हणजे टँक आतून तपासायची तर प्रॉडक्शन चालू ठेवूनच. आता मुंबईसमोर डी-1 तेलक्षेत्रावर आणि तिकडे केजी (कृष्णा-गोदावरी) बेसिनमध्येही एफपीएसओ आहेत, बरीच मराठी पोरं या लाईनबद्दल विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे ऑफलोडिंगचा तासाचा आकडा जुळवून लिहिणं. आपण किती दिलं, टँकरला किती मिळालं, हे दर तासाला व्हीएचएफ रेडिओवर विचारायचं असतं. पश्चिम आफ्रिकेत एका रात्री आमचा रेट तासाला 5,000 क्यूबिक मीटरच्या आसपास होता, पहाटे दोनच्या आकड्यात टँकरला 140 कमी. वॉचवरचा (ड्यूटीवरचा) पोरगा म्हणाला, "सर, स्वेल (लांब लाटा) आहे, टँकची पातळी मोजणारं रडार गेज हलतंय, पुढच्या तासाला कव्हर होईल," आणि त्याने पेन्सिलने आधीच तसं लिहिलंही होतं. तीनला 150 कमी. स्वेलने आकडा वरखाली होतो, सलग दोन तास एकाच बाजूला जात नाही. मी पंप थांबवले. तेल नेणारा होज बघितला, पाण्यावर सर्चलाईट मारली, तेलाचा तवंग कुठेच नाही. शेवटी टँकरवाल्यांना त्यांच्या सगळ्या टँक, स्लॉप (उरलंसुरलं तेल-पाणी ठेवायची टँक) सकट, हाताने मोजायला लावल्या. त्यांचा एक वाल्व पास होत होता (बंद असूनही तेल सोडत होता), तेल स्लॉप टँकमध्ये जात होतं जी कोणी मोजतच नव्हतं, आणि ती 97 टक्क्यांवर! अजून थोडा वेळ गेला असता तर तेल डेकवर. नायजेरियाच्या बोंगा एफपीएसओवर डिसेंबर 2011 मध्ये टँकर भरतानाच एक्स्पोर्ट लाईन लीक होऊन जवळपास 40,000 बॅरल समुद्रात गेलं, ते आठवा. माझ्या वॉचवर पेन्सिल चालत नाही, आणि सलग दोन तास फरक एकाच बाजूला दिसला की आधी पंप बंद, चर्चा नंतर. टर्मिनल ओरडलं तर ओरडू दे.

बाकीच्या पटकन सांगतो. टँक सेटल व्हायच्या आधी यूटीआय टेप (टँकमधली पातळी मोजायची टेप) टाकून पाणी मोजू नका, इमल्शनमध्ये (तेल-पाणी मिसळलेलं असताना) इंटरफेस, म्हणजे दोघांमधली सीमा, धड सापडत नाही. टँकमधला ऑक्सिजन, स्फोट होऊ नये म्हणून, 8 टक्क्यांच्या खाली हवा हे सगळ्यांना पाठ असतं, पण मी 5 लाच धावाधाव सुरू करतो. टरेटवालं (नांगराच्या फिरत्या खुंट्याभोवती वळणारं) जहाज वाऱ्या-प्रवाहाबरोबर फिरतं, मागे बांधलेला टँकर कधीकधी वेगळा फिरतो, तेव्हा हॉसरवर (दोघांना बांधणाऱ्या जाड दोरावर) नजर ठेवा, मोबाईलवर नाही. गॅस मीटर बंप टेस्ट (थोडा गॅस देऊन अलार्म वाजतो का बघणं) केल्याशिवाय खिशाला लावायचा नाही.

आणि पंपरूम. गॅस अलार्म वाजला की "जाऊन बघून येतो" म्हणणारा पोरगा मला सगळ्यात जास्त घाबरवतो. ब्राझीलमध्ये सिदाद दे साओ मातेउस एफपीएसओवर 11 फेब्रुवारी 2015 ला हेच झालं. पुढचा वाल्व बंद असताना स्ट्रिपिंग पंप (टँकच्या तळातलं उरलेलं ओढणारा) चालला, लाईनमधली ब्लाइंड (पाईप बंद करणारी प्लेट) तेवढं प्रेशर झेलणारी नव्हती, तिथून कंडेन्सेट (गॅसबरोबर येणारं हलकं तेल) गळलं. अलार्म वाजला, तरी एकामागून एक तीन टीम आत गेल्या. तिसरी आत असताना स्फोट झाला. 9 माणसं गेली. आत गॅस आहे हे सेन्सरने सांगितलेलंच होतं, माणूस पाठवून नवीन काय कळणार होतं? बाहेरून पंप बंद करायचा, आयसोलेट करायचं (वाल्व बंद करून तो भाग तोडायचा), आणि वाट बघायची. वाट बघणंच नव्या पोरांना जमत नाही, प्रत्येकाला पाच मिनिटांत रिपोर्ट द्यायचा असतो.

ब्लाइंडचं तेच. "सर, साईज बरोबर आहे, बसली" हे उत्तर मला नको. मी स्वतः टॉर्च मारून कडेवरचं रेटिंग वाचतो, फ्लँजशी (पाईपच्या जोडाच्या कडीशी) जुळवतो, फोटो परमिटला (कामाच्या परवानगीच्या कागदाला) लावायला सांगतो. स्टँप नसेल, किंवा रंगाखाली गेला असेल आणि घासूनही दिसत नसेल, तर ती ब्लाइंड वर्कशॉपमध्ये परत आणि टँक एंट्री (माणसाने टँकमध्ये उतरणं) उद्या.