एपी यूएस हिस्ट्रीचा डीबीक्यू कसा लिहायचा

अमेरिकेत हायस्कूलला असलेल्या मराठी मुलांना इतिहासाच्या अभ्यासात घरून मिळणारा पहिला सल्ला बहुधा ‘सनावळ्या पाठ कर’ हाच असतो. महाराष्ट्र बोर्डात ‘कारणे लिहा’ आणि ‘टिपा लिहा’ करून पुढे आलेल्या आईबाबांना तो स्वाभाविक वाटतो. पण एपी यूएस हिस्ट्रीत, म्हणजे हायस्कूलमधल्या कॉलेजच्या पातळीच्या अमेरिकी इतिहासाच्या अभ्यासक्रमात, त्यावर फार काळ निभावत नाही. इथे मुलाला आपलं मत मांडून ते पुराव्यानिशी सिद्ध करायचं असतं.

परीक्षेच्या सध्याच्या रचनेत ५५ बहुपर्यायी प्रश्नांना ५५ मिनिटं आणि ४० टक्के भार, तीन लघुत्तरी प्रश्नांना ४० मिनिटं आणि २० टक्के, डीबीक्यूला (डॉक्युमेंट-बेस्ड क्वेश्चन, म्हणजे दिलेल्या कागदपत्रांच्या आधारे लिहायचं उत्तर) ६० मिनिटं आणि २५ टक्के, तर दीर्घ निबंधाला ४० मिनिटं आणि १५ टक्के भार आहे. डीबीक्यूत सात डॉक्युमेंट्स दिलेली असतात आणि विषय १७५४ ते १९८० या काळातला असतो. एकाच उत्तराला पाव पेपरचं वजन असल्यामुळे सरावाचा सर्वात मोठा वाटा त्याला द्यावा.

डीबीक्यूला सात गुण असतात: प्रबंधविधानाला (उत्तराचा मुख्य दावा) एक, पार्श्वभूमीला एक, डॉक्युमेंट्सच्या वापराला दोन, बाहेरच्या पुराव्याला एक, डॉक्युमेंटच्या चिकित्सेला एक आणि गुंतागुंत दाखवण्याला एक. हे गुण वेगवेगळे मोजले जातात. त्यामुळे भाषा सुंदर असूनही बाहेरचा पुरावा नसेल तर तो गुण जातोच.

सरावासाठी एक प्रश्न घेऊ: १९२४ ते १९८० या काळात अमेरिकेचं इमिग्रेशन धोरण कितपत बदललं?

‘या काळात धोरणात अनेक बदल झाले’ या विधानाला गुण मिळत नाही, कारण त्यात वाद घालण्याजोगं काहीच नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘१९६५च्या कायद्याने राष्ट्रीय मूळ पाहून ठरवलेला कोटा रद्द केला, तरी येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचं तत्त्व टिकलं, उलट पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर प्रथमच वार्षिक मर्यादा आली.’ काय बदललं आणि काय तसंच राहिलं, दोन्ही इथे आलं. पुढचे परिच्छेदही याच दोन भागांतून निघतात.

पार्श्वभूमी एका ओळीत उरकू नये. १८८२चा चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा, दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले लोंढे, १९१७चा आशियाई प्रतिबंधित पट्टा (आशियाच्या बहुतेक भागातून येण्यावरची बंदी) आणि पहिल्या महायुद्धानंतरची कम्युनिस्टांची धास्ती, हे सगळं तीन-चार वाक्यांत १९२४च्या कोटा कायद्यापर्यंत आणून जोडावं. नुसता ‘त्याआधी बरेच लोक आले होते’ असा उल्लेख पुरत नाही.

सर्वात जास्त मुलं अडतात ती चिकित्सेत. डॉक्युमेंट कुणी, कुणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि कशासाठी लिहिलं, यातली एक बाजू पकडून ती आपल्या मुद्द्याशी जोडायची असते, आणि असं किमान दोन डॉक्युमेंट्सबाबत करावं लागतं. समजा, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याजवळ कायद्यावर सही करताना केलेलं भाषण दिलं आहे. हा कायदा क्रांतिकारक नाही, असं ते त्यात म्हणाले. ‘ते राष्ट्राध्यक्ष होते, म्हणून भाषण एकतर्फी आहे’ या वाक्याला गुण नाही. ‘देशाची वांशिक घडण बदलेल या भीतीने विरोध करणाऱ्यांना त्यांना आश्वस्त करायचं होतं, म्हणून हे भाषण कायद्याच्या पुढच्या परिणामापेक्षा त्या वेळच्या राजकीय दबावाचा जास्त चांगला पुरावा आहे’ या वाक्याला आहे. प्रत्येक चिकित्सेत असा एक ‘म्हणून’ हवाच.

बाहेरचा पुरावा म्हणजे सातही डॉक्युमेंट्समध्ये नसलेली, नाव घेऊन सांगितलेली गोष्ट. या विषयात भारतीय संदर्भ अगदी नेमके बसतात. १९२३मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व कायद्यातले ‘गोरे’ मानायला नकार दिला. १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना वर्षाला १०० जणांचा कोटा आणि नागरिकत्वाचा हक्क दिला. मराठी घरांतली मुलं मात्र कधीकधी ‘माझे आजोबा इंजिनिअर म्हणून आले’ एवढंच लिहून थांबतात. ते खरं असलं तरी परीक्षकासाठी पुरावा कायद्याचा हवा: १९६५च्या कायद्यात नातेवाइकांबरोबरच कुशल व्यावसायिकांनाही प्राधान्य होतं, हे लिहावं.

गुंतागुंतीचा गुण बहुतेकांना हुलकावणी देतो, पण त्याची एक सरळ वाट आहे. सातही डॉक्युमेंट्स युक्तिवादासाठी परिणामकारकपणे वापरली किंवा चारांची नीट चिकित्सा केली, तरी तो मिळू शकतो. दुसरी वाट विरोधी पुराव्याची. १९५२मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरूनही काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) कोटा कायम ठेवणारा मॅकॅरन-वॉल्टर कायदा संमत केला. शीतयुद्धात मित्र जोडू पाहणारं सरकार आणि दारं घट्ट धरून बसलेली काँग्रेस, हा ताण उलगडून दाखवला की उत्तराला खोली येते.

वेळेचं गणित सोपं ठेवावं. पहिल्या १५ मिनिटांत प्रश्न दोनदा वाचून प्रत्येक डॉक्युमेंटला साधारण दीड मिनिट द्यावं आणि त्यातला मुद्दा पाच-सहा शब्दांत टिपून ठेवावा. मग पार्श्वभूमी आणि प्रबंधविधानाला आठ-नऊ मिनिटं, तीन परिच्छेदांना प्रत्येकी दहा-अकरा. डॉक्युमेंटमधली लांब वाक्यं उतरवण्यात वेळ जातो आणि गुण मिळत नाही. आशय आपल्या शब्दांत सांगून कंसात क्रमांक टाकावा. परीक्षा आता ब्लूबुक अ‍ॅपवर टाइप करून द्यायची असल्याने सरावही कीबोर्डवरच करावा.

विसाव्या शतकावर लिहिताना मुलांच्या काही ठरलेल्या चुका होतात. न्यू डीलने (रूझवेल्ट सरकारच्या १९३०च्या दशकातल्या आर्थिक योजनांनी) महामंदी संपवली, असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात १९३७-३८मध्ये अर्थव्यवस्था पुन्हा घसरली आणि बेकारी खऱ्या अर्थाने हटली ती दुसऱ्या महायुद्धाच्या तयारीने. १९६४चा नागरी हक्क कायदा सार्वजनिक ठिकाणं आणि नोकऱ्यांतल्या भेदभावावर होता, तर १९६५चा मतदान हक्क कायदा मतदानातल्या अडवणुकीवर. या दोहोंची अदलाबदल तर नेहमीची. राष्ट्राध्यक्षांना व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मोकळीक देणारा ऑगस्ट १९६४चा टोंकिनच्या आखाताचा ठराव ही युद्धघोषणा नव्हती, हे पक्कं असेल तरच त्यांच्या युद्धाच्या अधिकारांना आवर घालणारा १९७३चा युद्धाधिकार ठराव का आला ते समजतं.

जुने प्रश्न, गुणदानाचे निकष आणि गुण दिलेली नमुना उत्तरं ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आठवड्याला एक डीबीक्यू घड्याळ लावून लिहावा, दुसऱ्या दिवशी निकष समोर ठेवून स्वतः तपासावा आणि गेलेल्या गुणाचा तेवढाच परिच्छेद पुन्हा लिहावा.