काट्यावरचा जुना पीसी अन् टर्बो पास्कलमधून सीमॉस

आमच्या इकडं एका जिनिंगच्या वजनकाट्यावर अजून डॉसवाला पीसी चालते. कापसाची गाडी चढली, भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती, बस एवढंच काम, म्हणून कोणी बदलत नाही. त्याची फ्लॉपी ड्राईव्ह मेली अन् रोज सकाळी मशीन एफ१ दाबा म्हणून अडून बसायला लागली. सेटअपमध्ये जाऊन फ्लॉपी काढून टाकली की झालं असतं, पण सेटअपला पासवर्ड, अन् टाकणारा माणूस कधीचाच काम सोडून गेलेला. मंग म्हटलं टर्बो पास्कलमधूनच करू, म्हणजे डॉसवर प्रोग्राम लिहायचं जुनं साधन.

सेटिंग राहते कुठं ते आधी समजून घ्या. १९८४ च्या आयबीएम एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ नावाची घड्याळाची चिप होती, तिच्यात ६४ बाईटची रॅम, लाईन गेली तरी सेलवर जिवंत राहणारी, तिलेच सीमॉस म्हणतात. पुढच्या बोर्डांवर बहुतेक १२८ बाईट भेटते. पहिल्या १४ जागा घड्याळाच्या, बाकी सेटअपच्या. प्रोसेसरला ती सरळ दिसत नाही, दोन पोर्ट आहेत, हेक्समध्ये (१६ च्या पायाचे आकडे, पास्कलमध्ये पुढं $ लावून) ७० वर जागेचा नंबर टाकायचा अन् ७१ मधून बाईट घ्यायचा नाहीतर द्यायचा. टर्बो पास्कलमध्ये पोर्ट नावाचा ॲरे तयारच आहे, वेगळं काही जोडा लागत नाही. मी इथं देवनागरीत लिहितो, तुम्ही एडिटरमध्ये इंग्रजीतच टाका:

फंक्शन वाच(जागा: बाईट): बाईट;
बिगिन
  इनलाईन($एफए);
  पोर्ट[$७०] := जागा;
  वाच := पोर्ट[$७१];
  इनलाईन($एफबी);
एंड;

एफए म्हणजे इंटरप्ट (चालू काम मधात थांबवून प्रोसेसरला दुसरीकडं नेणारा इशारा) बंद, एफबी म्हणजे चालू. हे काहून? तं नंबर टाकला अन् वाचायच्या आधी मधातच एखादा इंटरप्ट येऊन ७० वर दुसराच नंबर टाकून गेला की तुम्ही भलतीच जागा वाचता, अन् लिहिताना असं झालं तं विचारूच नका. जागा ७एफ च्या वर देऊ नका, ७० चा सगळ्यात वरचा बिट एनएमआय, म्हणजे एफए नं बंद न होणारा इंटरप्ट, बंद करायचा आहे. लिही नावाची प्रोसिजर पण अशीच, फक्त ७१ मध्ये किंमत टाकायची.

बरोबर वाचून राहिलं का ते पाहाले १५ अन् १६ नंबरची जागा छापा (जागांचे नंबर अन् त्यातल्या किमती सगळ्या हेक्समध्ये), तिथं बेस मेमरी राहते. ८० अन् ०२ आलं म्हणजे २ गुणिले २५६ अधिक १२८, ६४० केबी, जमलं. घड्याळाचे आकडे बहुतेक बीसीडीत राहतात, म्हणजे दशकाचा अन् एककाचा आकडा वेगवेगळा ठेवलेला, ९ नंबरला वर्षाचे २४ हेक्समध्येच २४ दिसते, त्याला ३६ समजून डोकं खाजवू नका.

आता लिहायच्या आधीचं काम, हे मी केलं नव्हतं. अख्ख्या १२८ जागा वाचून फाईलमध्ये टाका अन् प्रिंटरवर पण काढा, प्रिंटर युनिट घेऊन एलएसटीवर राईट केलं की कागद बाहेर. काट्याच्या पावतीच्या पाठीमागंच छापा अन् कॅबिनेटच्या आतून चिकटवा. फाईल त्याच हार्ड डिस्कवर ठेवून तीच डिस्क दिसेनाशी झाली तं फाईल चाटायची का?

फ्लॉपीसाठी दोन जागा. १० नंबरला ४० म्हणजे ए ड्राईव्ह १.४४ एमबी, तिथं शून्य. १४ नंबरचा सगळ्यात खालचा बिट म्हणजे फ्लॉपी आहे का नाही, तो पण शून्य, ॲंड $एफई करून. मी एवढं केलं, मशीन बंद केली, खुशीत घरी गेलो. सकाळी फोन, काट्यावर गाड्यांची रांग अन् स्क्रीनवर चेकसम एरर, डिफॉल्ट लोड झाले, हार्ड डिस्क गायब! दुपारपर्यंत मुनीम हातानं पावत्या लिहीत होता, माझ्याकडं पाहतही नव्हता. डिस्कवरच्या लेबलवरून सिलिंडर, हेड, सेक्टर वाचून टाकले तवा कुठं चालू झाली. पासवर्ड तेवढा उडाला, तोच फायदा.

चूक काय, तं १० पासून २डी पर्यंतच्या ३० बाईटची बेरीज २ई अन् २एफ मध्ये राहते, तोच चेकसम, अन् बायोस (मशीन चालू होताना पहिले चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) ती जुळवते. माझ्या बदलानं बेरीज ६४ (हेक्सचे ४०) अधिक १, म्हणजे ६५ नं कमी झाली अन् मी जुनीच राहू दिली. बेरीज वर्ड टाईपची, म्हणजे दोन बाईटची घ्या:

बेरीज := ०;
फॉर आय := $१० टू $२डी डू
  बेरीज := बेरीज + वाच(आय);
लिही($२ई, हाय(बेरीज));
लिही($२एफ, लो(बेरीज));

मोठा बाईट आधी, लहान नंतर, उलटं केलं की पुन्हा तोच तमाशा. घड्याळ या बेरजेत नाही, म्हणून तारीख बदलली तं चेकसमला हात लावू नका. २एफ च्या पुढं प्रत्येक बायोसवाल्याचा आपला हिशोब, कोणाची तिथं वेगळी बेरीज पण राहते, अंदाजानं काही लिहू नका. जुनी फाईल परत टाकायची झाली तं त्याच मशीनची अन् १० पासून पुढंच टाका, खालून टाकली तं घड्याळ मागच्या तारखेला जाते, अन् ०एफ तं रिसेटच्या वेळी बायोस स्वतः वापरते.

हे सगळं साध्या डॉसमध्ये बूट करून करा, विंडोज एक्सपीच्या डॉस खिडकीत पोर्ट खरे भेटत नाहीत. आजच्या युईएफआयवाल्या (बायोसच्या जागी आलेल्या नव्या प्रोग्रामच्या) मशीनची सेटिंग बहुतेक फ्लॅशमध्ये राहते, तिथं हा कोड कामाचा नाही. अन् टर्बो पास्कल ७ मध्ये क्रिट (स्क्रीन अन् कीबोर्डचं) युनिट घेतलं अन् प्रोग्राम उघडताच एरर २०० देऊन पडला तं तुमचा कोड चुकला नाही, मशीन त्या युनिटच्या मानानं जास्त फास्ट आहे. क्रिट काढून टाका, आपल्या कामाला ते लागतच नाही.

सेल मात्र पहिले मीटर लावून पाहा. सीआर२०३२ तीन व्होल्टचा राहते, तो उतरला असला तं तुम्ही रात्री कितीही बरोबर लिहा, सकाळी पाटी कोरी.